चार स्नायू, एक आवरण

खांद्याच्या सांध्याला हाडांचा आधार जवळजवळ नाही. पुढची सगळी पाने वाचताना ही एक गोष्ट मनात असू द्यावी. मांडीच्या सांध्यात उखळी खोल असते, मांडीच्या हाडाचे डोके तिच्यात निम्म्याहून अधिक रुतलेले असते आणि ते बाहेर निघायला मोठा आघात व्हावा लागतो. खांद्यात फऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर ग्लेनॉइड नावाची एक लहान, उथळ खोबण आहे आणि दंडाच्या हाडाचे डोके तिच्या मानाने बरेच मोठे आहे. हात कसाही ठेवा, त्या डोक्याचा पाव ते तृतीयांश भागच काय तो एका वेळी खोबणीला टेकतो. लॅब्रम नावाची तंतुमय किनार खोबणीच्या कडेने फिरून तिला थोडी खोली देते, तेवढेच. सांध्याभोवतीची पिशवीही सैल असते. स्नायू काढून टाकून तिला भोक पाडले, की दोन्ही हाडे हाताने ओढून दोन-एक सेंटिमीटर सहज दूर करता येतात.

या सैलपणामुळेच आपल्याला अंबाडा घालता येतो, ब्लाउजची मागची हुके लावता येतात, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो आणि गर्दीच्या लोकलमध्ये डोक्यावरची कडी धरून तासभर उभे राहता येते. शरीरातला दुसरा कोणताही सांधा इतक्या दिशांना इतका फिरत नाही. पण इतके फिरूनही ते डोके खोबणीवरून घसरत कसे नाही? अस्थिबंध आहेत, पण ते ताणले जातात ते हालचालीच्या टोकाला. मधल्या टप्प्यात, जिथे आपली बहुतेक कामे होतात, तिथे ते ढिले असतात. तिथे डोके जागेवर ठेवण्याची जबाबदारी मुख्यतः चार स्नायूंवर येते: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. त्यांच्या कंडरा मिळून जे आवरण होते त्याला रोटेटर कफ म्हणतात. हे पुस्तक त्या आवरणाविषयी आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. हे चौघे हात फिरवतात, उचलतात, हे खरे. पण त्यांचे पहिले काम डोके खोबणीच्या मध्यावर दाबून धरणे हे आहे आणि ते काम ते एकेकटे करत नाहीत. खांदेदुखीविषयीचे आपल्याकडचे बरेच गैरसमज, आणि शिकवण्यातले तर त्याहून जास्त, या दोन गोष्टी नजरेआड झाल्यामुळे होतात असे मला वाटते.

आधी भूगोल. उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे टाका आणि बोटांनी पाठ चाचपा. फऱ्यावर एक आडवा, कडक कंगोरा लागेल. तो मणक्याच्या बाजूने सुरू होतो, बाहेर जाताना उंचावतो आणि खांद्याच्या टोकाशी एक चपटे छप्पर होऊन संपतो. हे छप्पर म्हणजे अॅक्रोमियन. कंगोऱ्याच्या वरची खोलगट जागा सुप्रास्पायनेटसची. तिथे बोट दाबले तर आधी मानेपासून येणारा ट्रॅपेझियस लागतो आणि सुप्रास्पायनेटस त्याच्या खाली असतो. कंगोऱ्याच्या खालचा मोठा पसरट भाग इन्फ्रास्पायनेटसचा. बोटे तिथेच ठेवून डावे कोपर कमरेला टेकवा आणि मनगट बाहेरच्या बाजूला वळवा; बोटांखाली स्नायू घट्ट होताना कळेल. फऱ्याच्या बाहेरच्या कडेला, इन्फ्रास्पायनेटसला लागूनच खाली, टेरेस मायनरची अरुंद पट्टी आहे. चौथा सबस्कॅप्युलॅरिस असा चाचपता येत नाही. तो फऱ्याच्या पुढच्या अंगाला, फरा आणि बरगड्या यांच्या मध्ये पसरलेला असतो. चौघांत सर्वांत मोठा आणि सर्वांत बलवान तोच, आणि बाहेरून दिसत नाही म्हणून सर्वांत दुर्लक्षितही तोच.

चौघेही फऱ्यापासून निघतात आणि दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला येऊन चिकटतात. त्या टोकाला दोन उंचवटे आहेत. मोठ्या उंचवट्यावर मागचे तिघे येतात, तर लहान उंचवट्यावर पुढून येणारा सबस्कॅप्युलॅरिस. या दोन उंचवट्यांमधल्या खाचेतून बायसेप्सची लांब कंडरा वर चढते आणि सांध्याच्या आत शिरते. ती जिथे शिरते तिथे, म्हणजे सुप्रास्पायनेटस आणि सबस्कॅप्युलॅरिस यांच्या मध्ये, आवरणाला एक त्रिकोणी फट राहते. ही फट विसरू नये, पुढे तिचे काम पडणार आहे.

मज्जातंतूंची वाटणी थोडक्यात सांगून पुढे जातो. वरच्या दोघांना सुप्रास्कॅप्युलर मज्जातंतू, टेरेस मायनरला अॅक्झिलरी आणि सबस्कॅप्युलॅरिसला त्याचे स्वतःचे दोन मज्जातंतू. सुप्रास्कॅप्युलर मज्जातंतूची वाट मात्र नीट पाहण्यासारखी आहे. फऱ्याच्या वरच्या कडेला एक खाच असते आणि तिच्यावर आडवा अस्थिबंध असतो. मज्जातंतू त्या अस्थिबंधाच्या खालून जातो, तर त्याच नावाची रोहिणी बहुधा वरून. मग तो सुप्रास्पायनेटसला शाखा देतो, कंगोऱ्याच्या बाहेरच्या टोकाला वळसा घालतो आणि खाली इन्फ्रास्पायनेटसमध्ये उतरतो. पहिल्या खाचेत तो दाबला गेला तर दोन्ही स्नायू वाळतात, वळशापाशी दाबला गेला तर फक्त खालचा. व्हॉलीबॉलच्या मुरलेल्या खेळाडूंमध्ये हा दुसरा प्रकार आढळतो. फऱ्याचा खालचा भाग एका बाजूला खपाटीला गेलेला असतो आणि पुष्कळदा खेळाडूला त्याचा पत्ताही नसतो, कारण दुखत काहीच नाही. विद्यार्थ्याने अशा पाठीकडे एकदा नीट पाहिले, की मज्जातंतूची ती वाट त्याला आयुष्यभर पाठ करावी लागत नाही.

आता विच्छेदनाच्या टेबलाकडे वळू. पहिल्या वर्षाच्या मुलांना आपण स्नायू कसे शिकवतो? एक तक्ता असतो, त्यात स्नायूचे नाव, उगम, शेवट, मज्जातंतू, क्रिया. परीक्षेत तोच विचारला जातो, म्हणून तोच घोकला जातो. मग मुले टेबलापाशी येतात आणि तक्त्यात चार ओळी आहेत म्हणून सुरीने चार स्नायू वेगळे करून दाखवतात. फऱ्याजवळच्या मांसल भागात हे जमते, तिथे ते खरोखर वेगळे आहेत. कडेकडेने बाहेर जाऊ लागले, की अडचण सुरू होते. इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर यांच्यामधली रेषा आधी पुसट होते. मग अॅक्रोमियन कापून बाजूला काढले, खालच्या बर्साचे, म्हणजे पाण्याच्या पिशवीचे, पातळ पटल सोलले, की समोर येते ती एक सलग, पांढरी, चकाकणारी पट्टी. ती दंडाच्या डोक्याला पुढून, वरून आणि मागून वेढते. तिच्यात सुप्रास्पायनेटस कुठे संपला आणि इन्फ्रास्पायनेटस कुठे सुरू झाला, हे बोट ठेवून सांगता येत नाही. ज्या विद्यार्थ्याने तिथे दोन स्वच्छ कंडरा काढून दाखवल्या, त्याने त्या सुरीने तयार केलेल्या असतात.

हे केवळ नजरेचे मत नाही. क्लार्क आणि हॅरीमन यांनी १९९२ मध्ये या आवरणाचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून दाखवले, की सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस यांचे तंतू हाडाला चिकटण्याआधीच एकमेकांत विणले जातात आणि तिथे पाच थर ओळखता येतात. सर्वांत वरचा आणि चौथा थर कोरॅकोह्युमरल अस्थिबंधाच्या तंतूंचा, मधले दोन कंडरांचे आणि सर्वांत आतला सांध्याच्या पिशवीचा. म्हणजे कंडरा, अस्थिबंध आणि पिशवी या तीन गोष्टी आपण तीन वेगळ्या धड्यांत शिकवतो, पण जिथे त्यांचे काम आहे तिथे त्या एकच पदार्थ होऊन बसल्या आहेत. पुढे २००८ मध्ये मोचिझुकी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी ६४ देहांमधले ११३ खांदे तपासले आणि एका जुन्या समजुतीला धक्का दिला. मोठ्या उंचवट्याचा वरचा पृष्ठभाग सुप्रास्पायनेटसचा, हे तोवर सगळेच शिकवत होते. त्यांना आढळले, की सुप्रास्पायनेटसची जागा पुढच्या बाजूला एका लहान त्रिकोणापुरतीच आहे आणि बाकीचा बराच भाग इन्फ्रास्पायनेटस मागून वळून येऊन व्यापतो. काही खांद्यांत तर सुप्रास्पायनेटसचे तंतू खाच ओलांडून लहान उंचवट्यावरही गेले होते. ज्या फाटण्याला आपण वर्षानुवर्षे एका सुप्रास्पायनेटसचे फाटणे म्हणत आलो, त्यातल्या पुष्कळांत इन्फ्रास्पायनेटसही सामील असणार, हे यातून ओघानेच आले. शरीररचनेचे शास्त्र आता पूर्ण झाले, त्यात नवे काही उरले नाही, असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी हा लेख वाचायला देतो. माणसाचा खांदा शेकडो वर्षे उघडला जात होता, तरी हे सांगायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

आता क्रियेकडे वळू. सुप्रास्पायनेटस हात बाजूला उचलण्याची सुरुवात करतो, पहिले १५ अंश त्याचे आणि पुढचे डेल्टॉइड या स्नायूचे, हे वाक्य अजूनही वर्गावर्गांत ऐकू येते. ऐकायला ते सोपे आहे, पण बरोबर नाही. स्नायूंतल्या विद्युतक्रियेची मोजणी केली असता दोघेही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकत्र काम करताना दिसतात. १९६३ मध्ये व्हान लिंगे आणि मुल्डर यांनी निरोगी माणसांच्या सुप्रास्कॅप्युलर मज्जातंतूला इंजेक्शनने बधिर केले. सुप्रास्पायनेटस निकामी झाल्यावरही त्यांना हात वर नेता आला. जोर कमी पडला, दम लवकर तुटला, पण हात सुरुवातीलाच अडला नाही.

मग हा स्नायू करतो तरी काय? १९४४ मध्ये इनमन, सॉन्डर्स आणि अॅबट यांनी खांद्याच्या गतीवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात याचे उत्तर आहे. डेल्टॉइड खांद्याच्या टोकापासून निघून दंडाच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर चिकटतो. हात खाली लोंबत असताना त्याची ओढ जवळजवळ सरळ वरच्या दिशेने असते. तो एकटाच आकसला, तर हात बाजूला जाण्याऐवजी दंडाचे हाड अख्खेच वर सरकेल आणि त्याचे डोके अॅक्रोमियनवर आपटेल. आडवी पडलेली लांब शिडी भिंतीला उभी करायची असते तेव्हा एक जण तिच्या पायथ्याशी पाय रोवून उभा राहतो आणि दुसरा वरचे टोक उचलत पुढे येतो. पायथ्याचा माणूस काहीच उचलत नाही. पण तो नसला तर शिडी उभी न राहता नुसती सरकत जाते. खांद्यात पायथ्याचा हा माणूस म्हणजे रोटेटर कफ. पुढून सबस्कॅप्युलॅरिस आणि मागून इन्फ्रास्पायनेटस व टेरेस मायनर डोक्याला आत आणि किंचित खाली ओढून धरतात, वरून सुप्रास्पायनेटस ते खोबणीवर दाबतो आणि डेल्टॉइडच्या ओढीचे रूपांतर फिरण्यात होते.

म्हणूनच या आवरणात मोठे भोक पडलेली काही माणसे हात पूर्ण वर नेऊ शकतात आणि काहींना तो कमरेच्या वरही नेता येत नाही. भोक किती मोठे याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, की पुढची ओढ आणि मागची ओढ यांचा तोल शिल्लक आहे का. अमेरिकन शल्यविशारद स्टीफन बर्कहार्ट यांनी नव्वदच्या दशकात हे नीट मांडले. त्यांनी आवरणातल्या एका जाड, कमानदार पट्ट्याकडेही लक्ष वेधले. तो पट्टा पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत जातो आणि त्याच्या बाहेरच्या, हाडाजवळच्या पातळ चंद्रकोरीवरचा भार स्वतःवर घेतो. चंद्रकोर फाटली आणि पट्ट्याची दोन्ही टोके शाबूत राहिली, तर हात चालतो. तोल पूर्ण गेला, की डोके वर सरकते. साध्या एक्स-रेतही हे दिसते: डोके आणि अॅक्रोमियन यांच्यातले अंतर सात मिलिमीटरच्या खाली आले, तर मोठ्या, जुन्या फाटण्याचा संशय घ्यावा.

उचलण्याचा विचार करताना फरा विसरून चालत नाही. हात डोक्यावर नेताना सांध्याच्या दर दोन अंशांमागे फरा साधारण एक अंश फिरतो. म्हणजे खोबण स्वतःच दंडाच्या डोक्याच्या मागे मागे जाते आणि चौघा स्नायूंची लांबी कामापुरती टिकून राहते. आणि फेकताना तर या स्नायूंची कसोटीच लागते. बेसबॉलच्या व्यावसायिक फेकणाऱ्यांचा दंड सेकंदाला सात हजार अंशांहून अधिक वेगाने आतल्या बाजूला फिरतो. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू सोडणाऱ्या क्षेत्ररक्षकाचा हातही याच जातीची हालचाल करतो. चेंडू सुटल्यावर तो वेग थांबवायचा असतो, आणि तेव्हा इन्फ्रास्पायनेटस व टेरेस मायनर लांब होत असतानाच आकसतात, ब्रेक लावतात. खेळाडूंच्या मागच्या स्नायूंच्या व्यायामावर मी पुस्तकात इतकी पाने का दिली, त्याचे कारण हे.

या आवरणाच्या अभ्यासाचा इतिहास एका माणसाशिवाय सांगता येत नाही. तुटलेल्या कंडरांची नोंद त्याच्या आधीही झाली होती. १८३४ मध्ये 'लंडन मेडिकल गॅझेट'मध्ये जे. जी. स्मिथ यांनी सात खांद्यांचे वर्णन केले होते. पण ते बराच काळ तसेच पडून राहिले. बोस्टनचे अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांनी खांद्याला आयुष्य दिले. त्यांची सुरुवात बर्सापासून झाली. अॅक्रोमियनच्या खाली पाण्याची पातळ पिशवी असते, तिच्यामुळे आवरण छपराखालून घसरत जाते. त्या काळी खांदा दुखला की बर्सा सुजला असे म्हणत. कॉडमन यांनी बर्सा उघडून त्याच्या तळाकडे पाहिले, आणि तो तळ म्हणजे सुप्रास्पायनेटसची कंडरा होती. बिघाड बहुधा तिथे होता. १९११ मध्ये त्यांनी फाटलेली कंडरा शिवून दुरुस्त केल्याचे प्रसिद्ध केले.

याच माणसाने शल्यचिकित्सेला एक अवघड प्रश्न विचारला. शस्त्रक्रिया झाल्यावर वर्षभराने त्या रुग्णाचे काय झाले, हे रुग्णालये का तपासत नाहीत? त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले आणि १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या नोंदींत आढळलेल्या १२३ चुका छापून जाहीर केल्या. १९१५ मध्ये त्यांनी बोस्टनच्या डॉक्टरांच्या सभेत एक मोठे व्यंगचित्र झळकवले. खऱ्या निष्पत्तीकडे पाठ फिरवून पैसा कमावणाऱ्या व्यवसायावर ते होते. त्यानंतर शहरातल्या वैद्यकीय वर्तुळाने त्यांना दूर लोटले. १९३४ मध्ये 'द शोल्डर' हा त्यांचा ग्रंथ आला. त्याला त्यांनी लांबलचक आत्मचरित्रात्मक प्रस्तावना जोडली आहे आणि तिच्यात स्वतःच्या मिळकतीचा हिशेबसुद्धा दिला आहे. १९४० मध्ये ते वारले. त्यांच्या थडग्यावर दगडही नव्हता. तो २०१४ मध्ये बसवण्यात आला. खांद्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकावर त्यांचे ऋण आहे. आपण रोज वापरतो ते 'फ्रोझन शोल्डर' हे नावही त्यांनीच दिलेले.

आणि त्या नावाचा आपल्याकडे फार सढळ वापर होतो. चाळिशी ओलांडलेल्या कुणाचाही खांदा दुखला, की शेजारी, नातेवाईक, औषधाचा दुकानदार सगळे एकमुखाने 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. रचना ठाऊक असेल तर फ्रोझन शोल्डर आणि फाटलेले आवरण यांतला फरक दोन मिनिटांत बऱ्यापैकी कळतो. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याची पिशवी आकसते आणि ती सर्वांत जाड होते ती त्या मघाच्या त्रिकोणी फटीपाशी, कोरॅकोह्युमरल अस्थिबंधात. त्यामुळे कोपर कमरेला टेकवून हात बाहेर वळवायला गेले, तर रुग्णाला तो वळत नाही आणि तपासणाऱ्यालाही वळवता येत नाही. आवरण फाटलेले असते तेव्हा सहसा उलट घडते: रुग्णाला हात उचलता येत नाही, पण तपासणाऱ्याने हलकेच वर नेला तर तो जातो. मधुमेह असलेल्यांना फ्रोझन शोल्डर अधिक होतो, ही गोष्ट आपल्या घराघरांत ठाऊक असायला हवी.

शेवटी एमआरआयच्या कागदाविषयी. त्याविषयीचे प्रकरण लिहिताना माझा हात सर्वांत जास्त थबकला, कारण इथे शास्त्र माणसाच्या भीतीशी येऊन भिडते. १९७२ मध्ये चार्ल्स नीर यांनी मांडले, की आवरण फाटते ते मुख्यतः वरच्या छपराला घासून. म्हणून अॅक्रोमियनची पुढची कड तासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया जगभर रुजली. कल्पना समजायला सोपी होती, चित्रात चांगली दिसत होती. पुढे तिची कसोटी लागली. ब्रिटनमध्ये ३०० हून अधिक रुग्णांवर झालेली चाचणी २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. तिच्यात हाड तासलेल्या आणि नुसती दुर्बीण घालून पाहिलेल्या रुग्णांच्या दुखण्यात फरक आढळला नाही, आणि काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गटांना मिळालेला जास्तीचा आराम रुग्णाला जाणवेल इतका नव्हता. त्याच वर्षी फिनलंडमधली एक चाचणीही तासण्याच्या बाजूने उभी राहिली नाही. या चाचण्या पूर्ण फाटलेल्या आवरणाविषयी नव्हत्या, हे ध्यानात ठेवायचे. तरुण माणसाचे अपघाताने फाटलेले आवरण वेळेत शिवणे हा वेगळा विषय आहे आणि त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. पण छपराखालचे प्रत्येक दुखणे म्हणजे हाडाचे घासणे, हे समीकरण आता टिकत नाही. कंडरा आतूनही झिजते. तिचा हाडाजवळचा भाग वयाबरोबर विरळ होत जातो.

किती विरळ? १९९५ मध्ये शेर आणि सहकाऱ्यांनी खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढले. साठीपुढच्यांत निम्म्याहून अधिक जणांच्या आवरणात कमी-अधिक फाटलेला भाग होता आणि साठीपुढच्या एकूण जणांपैकी २८ टक्क्यांत तो आरपार होता. ही सगळी माणसे आपापली कामे करत होती. म्हणून साठ-सत्तरीतल्या आजींच्या हातात 'पार्शल टियर' लिहिलेला कागद येतो तेव्हा त्या शब्दांवरून दुखण्याचे कारण ठरवू नये. हात किती उचलता येतो, जोर किती आहे, दुखणे कधीपासून आणि कशाने सुरू झाले, रात्री त्या कुशीवर झोपता येते का, हे आधी विचारावे. स्नायूत चरबी किती भरली आहे तेही पाहावे. फ्रान्सच्या गुतालिए यांनी १९९४ मध्ये सीटी स्कॅनवरून त्याच्या पायऱ्या ठरवल्या. शिवलेली कंडरा टिकेल की नाही, हे पुष्कळदा भोकाच्या मापापेक्षा ती चरबी जास्त सांगते. जवळजवळ चरबीच उरलेला स्नायू शिवला तरी ओढणार कशाने?

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. पहिली दोन प्रकरणे हाडांची आहेत आणि ती गाळून कुणी पुढे जाऊ नये. शक्य असेल तर फऱ्याचे हाड हातात घेऊनच ती वाचावीत. नाही तर स्वतःची किंवा घरातल्या कुणाची पाठ चाचपत वाचावीत. स्नायूंची प्रकरणे मी चार केलेली नाहीत. पुढची बाजू, वरची बाजू आणि मागची बाजू अशी एकाच आवरणाची तीन प्रकरणे आहेत. अभ्यासक्रमाचा तक्ता लागेलच, म्हणून तो परिशिष्टात ठेवला आहे. आकृत्या सगळ्या उजव्या खांद्याच्या आहेत आणि त्या विच्छेदन करताना समोर दिसले त्यावरून काढल्या आहेत. म्हणून काही ठिकाणी कंडरांच्या सीमा तुटक रेषांनी दाखवल्या आहेत, कारण प्रत्यक्षात त्या तशाच आहेत.

हे विच्छेदन ज्यांच्या देहांवर झाले त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. आपल्या राज्यात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने महाविद्यालयांना बेवारस देह मिळू लागले. आता स्वेच्छेने देहदान करणाऱ्या कुटुंबांमुळेही टेबले रिकामी राहत नाहीत. आईचा देह महाविद्यालयात देऊन आलेली मुले मी पाहिली आहेत. त्या देहांतल्या कुणी आयुष्यभर ओझी वाहिली होती, कुणी शिवणकाम केले होते, कुणाच्या खांद्यावर बरे झालेल्या जुन्या जखमेची खूण होती, आणि आवरण उघडल्यावर ते पुष्कळदा आतूनही वाचता येत होते. आवरणाला भोक पडलेल्या एका खांद्यात सांध्यात सोडलेले निळे पाणी बर्सात उतरले, तेव्हा सगळी मुले पुढे वाकून पाहू लागली. तिसऱ्या प्रकरणातली पहिली आकृती त्याच खांद्याची आहे.